दुसरे वृषणही काढावे का?

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"आमचे गाव लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते ७२ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला. तेव्हा शेक दिले आणि दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन सुरू केले. गेल्या दिवाळीपासून त्यांची उजवी गोळी कडक होऊन वाढत होती, पण दुखत नव्हती म्हणून आणि लाजेने त्यांनी कोणाला सांगितले नाही. गावाकडच्या डॉक्टरांनी पाणी भरले असेल म्हणून औषध दिले. पुढे सोनोग्राफीत भरीव गाठ दिसली, ते वृषण काढले, आणि प्रोस्टेटचाच कर्करोग तिथे पसरला आहे असा अहवाल आला. शस्त्रक्रिया गोळीची, मग टाके जांघेत का? आता डॉक्टर म्हणतात, डावेही काढून टाका, म्हणजे इंजेक्शनची कटकट संपेल. दादा म्हणतात, 'आता आणखी काय काय कापणार?' एक वृषण गेले म्हणजे इंजेक्शनची गरज निम्मी झाली, असे नाही का? मागच्या वर्षी सोयाबीनच्या काढणीत माझ्याकडून त्यांची दोन इंजेक्शने चुकली, ते मला रात्री झोपू देत नाही. भावकीतले लोक नसबंदीला दोष देतात आणि मायला दादांचे ताट वेगळे ठेवायला सांगतात. दीड एकर विकायला काढले आहे. काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रश्न पुष्कळ आहेत, पण आज निर्णय मागणारा एकच आहे, तो डाव्या वृषणाचा. त्याचे उत्तर देण्याआधी तुम्ही पाठवलेल्या कागदांच्या प्रतींविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. त्यांत पीएसएचे, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचे, आकडे जागोजागी आहेत: किरणोपचारानंतर ०.३, मागच्या वर्षी ६ आणि शस्त्रक्रियेपूर्वी २१. मात्र रक्तातील टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक किती आहे, याची नोंद मला कुठेही सापडली नाही. वर्षानुवर्षे ज्या इंजेक्शनवर हा उपचार चालला, त्या इंजेक्शनचे काम टेस्टोस्टेरॉन खाली आणणे एवढेच असते. ते खाली आले होते की नाही, हे पाहिल्याशिवाय पुढचा उपचार नीट ठरवता येत नाही. ही तपासणी साध्या रक्ताची असून लातूरच्या कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेत होते. शक्यतो सकाळी एकाच वेळी रक्त देऊन पीएसए आणि टेस्टोस्टेरॉन या दोन्ही तपासण्या करून घ्या, आणि मागचे इंजेक्शन कोणत्या तारखेला दिले होते ते त्याच कागदावर लिहून ठेवा.

आता अहवाल. वृषणात भरीव गाठ दिसली की डॉक्टरांसमोर मुख्यतः तीन शक्यता असतात: वृषणाचा स्वतःचा कर्करोग, लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग), किंवा दुसऱ्या अवयवातून आलेला कर्करोग. वृषणाचा स्वतःचा कर्करोग हा बहुतांशी तरुणांचा आजार आहे. साठी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत लिम्फोमाचा विचार आधी होतो. या तिन्हींचे उपचार एकमेकांपासून अगदी वेगळे असल्यामुळे केवळ 'कर्करोग आहे' एवढ्या उत्तरावर थांबून चालत नाही, आणि तुमचे पॅथॉलॉजिस्ट तेथे थांबलेले नाहीत, हे समाधानाचे आहे. अहवालाच्या दुसऱ्या पानावर ज्या आद्याक्षरांसारख्या दिसणाऱ्या खुणा आहेत, त्यांचा अर्थ असा: गाठीतील पेशींवर पीएसए आणि एनकेएक्स ३.१ हे दोन्ही रंग चढले, म्हणजे त्या पेशी मूळच्या प्रोस्टेटच्या आहेत. एसएएलएल ४ चढला नाही, म्हणजे हा वृषणाच्या बीजपेशींचा कर्करोग नाही. आणि एलसीए चढला नाही, म्हणजे लिम्फोमाही नाही. शस्त्रक्रियेपूर्वी केलेल्या रक्ततपासणीत एएफपी आणि बीटा एचसीजी हे बीजपेशींच्या कर्करोगात वाढणारे घटक सामान्य होते, तेही याला धरूनच आहे. तेव्हा दादांना दुसरा कर्करोग झालेला नाही. चार वर्षांपूर्वीचाच आजार नव्या जागी दिसला आहे, आणि उपचारही त्याच आजाराचे करायचे आहेत.

टाके जांघेत आहेत म्हणून चुकून हर्नियाची शस्त्रक्रिया केली की काय, अशी शंका तुमच्या पत्रात दिसते. तसे नाही. वृषणातल्या गाठीत कर्करोगाचा संशय असेल तर पिशवीला चीर न देता जांघेतून, रक्तवाहिन्यांच्या देठासकट वृषण वर ओढून काढणे, हीच मान्य पद्धत आहे. वृषणातील लसिका, म्हणजे पेशींभोवती पाझरलेला द्रव, पोटात, कण्याजवळच्या लसिकाग्रंथींकडे वाहते, तर पिशवीच्या कातडीची लसिका जांघेतल्या लसिकाग्रंथींकडे जाते. पिशवी कापली किंवा तिच्यातून सुई घातली, तर कर्करोगाला एक नवी वाट मिळण्याचा धोका असतो. तुमच्या सर्जननी योग्य तेच केले आहे.

हा कर्करोग वृषणात पसरणे दुर्मीळ आहे, असे डॉक्टर म्हणाले ते खरे आहे, पण 'दुर्मीळ' म्हणजे 'अनाकलनीय' असा अर्थ घरात घेतला गेलेला दिसतो. प्रोस्टेटचा कर्करोग पसरतो तेव्हा तो प्रामुख्याने हाडांत जातो. स्वित्झर्लंडमध्ये या आजाराच्या १,५८९ पुरुषांच्या शवविच्छेदनांचा एक मोठा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात रक्तावाटे पसरलेल्या आजारात हाडे सुमारे ९० टक्क्यांत, फुप्फुसे ४६ टक्क्यांत आणि यकृत २५ टक्क्यांत बाधित आढळले. वृषणाचा क्रमांक या सगळ्यांच्या पुष्कळ खाली लागतो. एके काळी या कर्करोगावर दोन्ही वृषणे काढणे हाच मुख्य उपचार होता. तेव्हा काढलेली वृषणे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली असता फार तर चार टक्क्यांपर्यंत रुग्णांत प्रोस्टेटच्या पेशी सापडत, आणि त्यातही हाताला लागणारी गाठ क्वचितच असे. वृषणाचे तापमान शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असते आणि त्यातील बीजनलिकांभोवती पेशींचा एक घट्ट अडसर असतो, या दोन गोष्टींमुळे बाहेरच्या कर्करोगाला तेथे रुजणे अवघड जात असावे, असे मानले जाते. तरीही इतर अवयवांतून वृषणात येणाऱ्या कर्करोगांत प्रोस्टेटचाच वाटा सर्वांत मोठा असतो.

वृषणात पोहोचायच्या वाटा चार सांगतात. शिरांतून उलट दिशेने, धमनीतून, लसिकेतून, आणि वीर्यनलिकेतून. ही चौथी वाट निघते, कारण वीर्यनलिकेचा शेवटचा भाग प्रोस्टेटमधूनच जातो आणि तिचे दुसरे टोक वृषणाला जोडलेले असते. येथे भावकीतल्या मंडळींना एक उत्तर देता येते. नसबंदीत हीच नलिका कापून बांधलेली असते. म्हणजे दादांच्या बाबतीत चारपैकी एक वाट उलट बंदच झाली होती, आणि आजार बहुधा रक्तातून किंवा लसिकेतून गेला असावा. नसबंदीमुळे प्रोस्टेटचा कर्करोग होतो असे मानण्याइतका पुरावा नाही, आणि झालेला कर्करोग तिच्यामुळे वृषणात उतरतो असे म्हणण्याला तर शरीररचनेचाच विरोध आहे. बैलगाडीचे हादरे, मोटारसायकल, जुना मार यांनाही या यादीत जागा नाही. राहिला ताटाचा प्रश्न. कर्करोग एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने, किंवा नवरा-बायकोच्या संबंधाने दुसऱ्याला होत नाही. मायनी दादांचे ताट आजपासूनच पूर्वीच्या जागी मांडावे. आजारापेक्षा त्या वेगळ्या ताटाचे दुःख दादांना अधिक होत असेल, असे मला तुमचे पत्र वाचताना सारखे वाटत राहिले.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. प्रोस्टेटचा कर्करोग टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर वाढतो. शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली हे दाखवून दिले की, वृषणे काढली असता पसरलेला आजारही मागे हटतो, आणि या कार्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजची इंजेक्शने तेच काम चाकूविना करतात. विहिरीचे पाणी शेतात जाऊ द्यायचे नसेल तर महावितरणची वीज तोडता येते किंवा मोटारच उचलून नेता येते; इंजेक्शन मेंदूकडून वृषणाला येणारा आदेश थांबवते, म्हणजे वीज तोडते, आणि शस्त्रक्रिया मोटार काढते. शेतात पाणी पोहोचत नाही, हा परिणाम दोन्हींचा सारखाच. फरक एवढाच की वीज तोडलेली ठेवायला दर तीन महिन्यांनी कोणीतरी जावे लागते आणि एखादी फेरी चुकली की मोटार पुन्हा चालू होते.

त्यामुळे एक वृषण गेले म्हणजे गरज निम्मी झाली, हा तुमचा हिशेब बरोबर नाही. मेंदूकडून आदेश येत राहिला तर उरलेले एक वृषण जवळजवळ पुरेसे टेस्टोस्टेरॉन एकटेच तयार करू शकते. उजवे काढले ते आजारी होते आणि निदान पक्के करायचे होते म्हणून. त्याने संप्रेरकाचा उपचार झालेला नाही. म्हणून डाव्याचा निर्णय होईपर्यंत पुढचे इंजेक्शन कोणत्याही परिस्थितीत चुकवू नका. मध्ये मोठा खंड पडला असेल तर ते परस्पर गावाकडे टोचून न घेता कर्करोगतज्ज्ञांना विचारून घ्या, कारण या वर्गातील बहुतेक इंजेक्शनांनी सुरुवातीचे काही दिवस टेस्टोस्टेरॉन उलट वाढते, आणि तेवढा काळ झाकण्यासाठी बायकॅल्युटामाइडसारख्या गोळ्या सोबत द्याव्या लागतात. आजार कण्यात असेल तर ही तात्पुरती वाढ महागात पडू शकते.

टेस्टोस्टेरॉनचा आकडा हाती आला की दोनपैकी एक चित्र दिसेल. तो डेसिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या वर असेल, तर उपचाराने अपेक्षित पातळी गाठलेलीच नाही. मग पीएसए वाढला, वृषणात गाठ आली, तरी हा आजार संप्रेरकाला जुमानेनासा झाला असे म्हणता येत नाही, आणि हे त्यातल्या त्यात बरे चित्र आहे, कारण प्रभावी औषधे अजून हाताशी राहतात. येथे डावे वृषण काढण्याचा सल्ला अगदी सयुक्तिक ठरतो. आकडा ५० च्या खाली असेल आणि काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या तपासण्यांतही पीएसए चढतच असेल, तर आजार कमी टेस्टोस्टेरॉनमध्येही वाढायला शिकला आहे, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी डावे काढून इंजेक्शन वाचेल, पण आजार आवरण्यासाठी वेगळे औषध लागेलच. कारण मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आणि खुद्द कर्करोगाच्या पेशीही थोडे पुरुषी संप्रेरक तयार करतात आणि त्यांच्यापर्यंत ना इंजेक्शन पोहोचते ना शस्त्रक्रिया.

खरे तर वेगळे औषध दोन्ही चित्रांत लागणार आहे, आणि माझा आग्रह येथेच आहे. डावे वृषण काढले, इंजेक्शनची कटकट संपली, आता उपचार झाला, असे समजून घरी बसणे ही यातली सर्वांत मोठी चूक ठरेल. वृषणातील गाठ हा क्वचितच एकटा प्रकार असतो. आजार शरीरात इतरत्रही असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून हाडांचा स्कॅन आणि छाती-पोटाचा सीटी स्कॅन, किंवा शक्य असल्यास या दोन्हींऐवजी प्रोस्टेटच्या पेशी शरीरभर शोधणारा पीएसएमए पेट स्कॅन, हे शस्त्रक्रियेच्या आधी किंवा निदान तिच्याबरोबर व्हायला हवे. त्यानंतर संप्रेरक दाबून ठेवण्यासोबत ॲबिराटेरोन, एन्झाल्युटामाइड किंवा ॲपाल्युटामाइड यांसारखी गोळी, किंवा डोसिटॅक्सेल हे केमोथेरपीचे औषध, यांपैकी काय द्यायचे ते आजार किती पसरला आहे आणि दादांची ताकद किती आहे यावर ठरते. ॲबिराटेरोन रिकाम्या पोटी घ्यायचे असते आणि त्यासोबत प्रेडनिसोलोन द्यावे लागते. दादांना मधुमेह आहे असे कागदांत दिसते, तेव्हा साखर, रक्तदाब आणि पोटॅशियम यांवर अधिक बारीक लक्ष ठेवावे लागेल, हे तज्ज्ञांना आवर्जून सांगा.

सगळे कागद पाहून माझे मत डावे काढण्याकडे झुकते. गावापासून दवाखाना दूर आहे, इंजेक्शने पूर्वी चुकली आहेत, पुढेही शेतीच्या दिवसांत चुकू शकतात, आणि एका वृषणात आजार निघाल्यावर दुसऱ्यावर सतत नजर ठेवावी लागेल, ती काळजीही संपते. शस्त्रक्रिया छोटी आहे. कमरेखालचा भाग बधिर करून होते. काही सर्जन पिशवी रिकामी दिसू नये म्हणून वृषणाचे बाहेरचे आवरण ठेवून आतला गर तेवढा काढतात. एका वृषणात आजार सापडलेला असताना दादांच्या बाबतीत ती पद्धत मला योग्य वाटत नाही; वृषण पूर्ण काढावे आणि तपासणीला पाठवावे. पण हे सारे माझे मत झाले. इंजेक्शन वेळेवर घेतले तर तेही तितकेच चालते, आणि दादांनी शेवटपर्यंत नाहीच म्हटले तर त्यांच्या मनाविरुद्ध काढावे इतकी ही गोष्ट अनिवार्य नाही. मग मात्र इंजेक्शनची तारीख पाळण्याची जबाबदारी घरातल्या एकाच माणसाच्या नावावर लिहून ठेवा.

दादांशी बोलणार कोण, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी विचारायला हवे होते. तुमच्या पत्रात डॉक्टर बोलतात, भावकी बोलते, तुम्ही बोलता. दादांचे मात्र एकच वाक्य आहे, आणि ते रागाचे आहे. त्या रागामागे बहुधा 'मी आता पुरुष राहिलो नाही' ही भावना असावी. ती बोलून दाखवायला आपल्याकडच्या त्यांच्या पिढीजवळ शब्दही नाहीत आणि ऐकणाराही नाही. त्यांना हे स्पष्ट सांगायला हवे की चार वर्षे इंजेक्शने घेतल्यामुळे डावे वृषण बराच काळ झोपलेलेच आहे. इच्छा कमी होणे, अंगात अचानक गरम वाफा येणे, थकवा, स्नायू ढिले पडणे हे बदल त्या उपचाराने आधीच झालेले असणार आणि शस्त्रक्रियेने त्यात फारशी नवी भर पडणार नाही. हे मुलाने सांगण्यापेक्षा युरोसर्जननी, तुम्हाला खोलीबाहेर थांबवून, दादांना एकट्यांना सांगणे अधिक बरे. तुमचा एखादा थोरला चुलता किंवा दादांचा विश्वासाचा मित्र सोबत असेल तर आणखी बरे. आणि मायला विसरू नका. हा निर्णय त्यांच्याही संसाराचा आहे.

चुकलेल्या दोन इंजेक्शनांविषयी मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. इंजेक्शन चुकले की टेस्टोस्टेरॉन वर येऊ शकते आणि त्या काळात आजाराला वाव मिळू शकतो. परंतु वृषणात हाताला लागण्याएवढी गाठ व्हायला लागणारा काळ पाहता, त्या पेशी तेथे त्याआधीच पोहोचलेल्या असणे शक्य आहे, आणि ज्यांचे एकही इंजेक्शन चुकलेले नाही अशा रुग्णांतही आजार पुढे जातो. हा हिशेब कोणालाही चोख मांडता येणार नाही, तुम्हालाही नाही. दादांच्या लाजेमुळे गेलेल्या महिन्यांचेही तसेच आहे. ती गाठ दिवाळीतच दाखवली असती तर उपचार लवकर बदलले असते, एवढे खरे. पण त्याची वाच्यता आता घरात करू नका, कारण त्याने पुढच्या वेळी ते आणखी काही लपवतील.

आणि लपवू नये असे बरेच आहे. कंबर किंवा पाठ रात्रीही दुखणे, पायांत अचानक अशक्तपणा येणे किंवा मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, लघवी अडणे किंवा शौचाचे भान न राहणे, यांपैकी काहीही झाले तर ते मज्जारज्जूवर दाब आल्याचे लक्षण असू शकते. तेथे उद्याची एसटी पाहायची नसते. त्याच दिवशी एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते, कारण उशीर झाला तर गेलेली ताकद सहसा परत येत नाही. या उपचारांत हाडेही ठिसूळ होतात, म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रोजचे चालणे हवेच. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब द्यायचे ठरले तर आधी दंतवैद्याला दाखवून किडलेले दात काढून घ्या. नंतर दात काढला तर जबड्याचे हाड भरून येत नाही, अशी गुंतागुंत या औषधांनी होऊ शकते.

दीड एकर विकू नका. निदान आत्ताच नको. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार तिच्यात बसतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या मदतनिसांना, भेटा, आणि कोणते स्कॅन व कोणत्या गोळ्या योजनेत बसतात हे उपचार सुरू होण्यापूर्वी विचारून घ्या. उपचार झाल्यावर परतावा मागत फिरण्याला अर्थ नसतो. ॲबिराटेरोनच्या भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्या मिळतात आणि त्यांच्या किमतींत इतका फरक असतो की डॉक्टरांना 'यातली स्वस्त कोणती चालेल?' असे विचारायला मुळीच संकोच करू नये. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी मिळून वीस टक्के खाटा राखीव असतात, हेही लक्षात ठेवा. तुमच्यासारख्या पगारदाराला त्या मिळतीलच असे नाही, पण दादांच्या नावाचे शिधापत्रक वेगळे असेल तर विचारून पाहा.

कुठे जावे, तर हा आजार आता एकट्या सर्जनच्या हातचा राहिलेला नाही. युरोसर्जन, औषधोपचार करणारे कर्करोगतज्ज्ञ आणि किरणोपचारतज्ज्ञ एका ठिकाणी असतील अशी जागा हवी. औशाहून बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय जवळ पडते; छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय लांब आहे, पण सर्व सोयी एका छताखाली आहेत. मुंबईला टाटा रुग्णालयात जायचेच असेल तर कर्करुग्ण आणि त्याच्या सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात मोठी सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. मात्र मुंबईची धावपळ दादांच्या अंगाला झेपणार नसेल तर ती अपरिहार्य नाही. एकदा दुसरे मत घेऊन पुढचे उपचार बार्शीला किंवा संभाजीनगरला चालवणारी पुष्कळ कुटुंबे मी पाहिली आहेत. 'किती दिवस आहेत?' हा प्रश्न तुम्ही पत्रात लिहून खोडलेला दिसतो. हा पुढच्या टप्प्यातला आजार आहे, पूर्ण बरा होईल अशी आशा मी दाखवणार नाही. पण योग्य औषधाने तो पुष्कळदा मोठ्या काळासाठी आवरला जातो, आणि अशा रुग्णांच्या नोंदी सुट्या-सुट्या असल्यामुळे महिने मोजून सांगणाऱ्यावर विसंबू नका.

शेवटी तुमच्याविषयी आणि तुमच्या बहिणींविषयी. वडिलांना हा कर्करोग असलेल्या मुलाला तो होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट असते, म्हणून वयाच्या पंचेचाळिशीपासून पीएसए तपासून घेण्याविषयी डॉक्टरांशी बोला. पसरलेल्या आजारात बीआरसीए २ आणि तत्सम, म्हणजे ज्यांत दोष असला तर कर्करोगाचा धोका वाढतो अशा, जनुकांची तपासणी करण्याचा सल्ला आता दिला जातो, आणि ती दादांच्या बाबतीत करावी असे मला वाटते. दोष सापडला तर ओलापॅरिब या गटातील गोळ्या दादांना पुढे उपयोगी पडू शकतात, आणि तोच दोष वारशाने आलेला असेल तर तुमची तपासणी आणखी लवकर सुरू करावी लागेल, तसेच बहिणींना स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगासाठी वेळीच तपासणी करून घेता येईल. ही तपासणी रक्तावर होते तशीच काढलेल्या गाठीवरही होते. गाठीचा मेणात बसवलेला ब्लॉक आणि काचेच्या पट्ट्या प्रयोगशाळेत ठेवलेल्या असतात. लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन त्या ताब्यात घ्या आणि बार्शीला किंवा संभाजीनगरला जाताना सोबत न्या.